ब्युनोस आयर्सची यादी निम्मी करा, काकू

पत्र थोडक्यात असं: "मुलाची बदली अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला झालीये. मी आणि हे, दोघं नोव्हेंबरात तीन आठवडे त्याच्याकडे जातोय. तो दिवसभर ऑफिसात, म्हणजे फिरायचं आमचं आम्हालाच. मी 62, हे 67. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. यांना मॅराडोना म्हणजे जीव की प्राण. मी शाकाहारी, अंडं चालतं. नेटवरून 19 ठिकाणांची यादी काढलीये ती सोबत पाठवतेय, त्यातलं काय खरंच बघण्यासारखं आणि काय उगाच ते स्पष्ट सांगा. आणि हो, तिथं साडी नेसून फिरलं तर चालेल का?" नाशिकच्या एक काकू.

काकू, नमस्कार.

तुमची यादी दोनदा वाचली. मी त्या शहरात साडेतीन वर्षं नोकरीला होते आणि अजूनही कुणी ब्युनोस आयर्सचं नाव काढलं की मला तिथल्या बसचा आवाज ऐकू येतो, तेव्हा स्पष्ट सांगा म्हणालात ते फार बरं केलंत. तर स्पष्ट सांगायचं म्हणजे 19 मधली निम्मी ठिकाणं खोडा. त्यातली काही सुंदर आहेत, पण ती वीस मिनिटांत संपतात आणि जाण्यायेण्यात तुमचा दिवस जातो, गुडघा जातो तो वेगळाच. तिथं गड नाही, राजवाडा नाही, समुद्रसुद्धा नाही, जी आहे ती रिओ दे ला प्लाता नदी, पलीकडचा काठ दिसत नाही एवढी रुंद आणि पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचं. त्या शहराचं जे काही आहे ते रस्त्यात, बागेत, कॅफेत आहे आणि ते तिथं बसल्याशिवाय दिसत नाही. टूरवाल्यांकडे बसायला वेळ नसतो, तुमच्याकडे तीन आठवडे आहेत.

यादीत पहिलंच लिहिलंय कामिनितो. ला बोका भागातली ती रंगीबेरंगी पत्र्याच्या घरांची गल्ली, गूगलवर ब्युनोस आयर्स टाकलं की जिचा फोटो येतो ती. ती गल्ली म्हणजे जेमतेम शंभर-दीडशे मीटर. फोटोसाठी टँगो नाचाच्या पोजमध्ये उभे राहणारे लोक, एकाच साच्यातली चित्रं विकणारे स्टॉल, आणि हॉटेलात चला म्हणून मागे लागणारी पोरं. मला ती कधीच आवडली नाही. पण त्या घरांची गोष्ट मात्र माहीत करून घ्या, कारण ती तुम्हाआम्हाला लगेच कळते. इटलीतल्या जेनोआहून आलेले गोदी कामगार तिथं राहायचे, एका खोलीत एक कुटुंब, मधे अंगण, संडास-मोरी सगळ्यांत मिळून, म्हणजे चक्क चाळच, त्याला तिथं कोनव्हेंतिशो म्हणतात. रंग कुठून आले तर बोटी रंगवून उरलेले डबे घरी आणायचे आणि एक डबा संपला की पुढची भिंत दुसऱ्या रंगाची. तिथंच वाढलेला चित्रकार बेनितो किंकेला मार्तिन यानं पुढे ती पडीक गल्ली रंगवून घेतली आणि 1959 साली तिला रस्त्यावरचं म्युझियम केलं. त्याचं घर आणि चित्रं त्याच चौकाजवळच्या म्युझियममध्ये आहेत. गेलात तर गल्लीत दहा मिनिटं आणि त्या म्युझियममध्ये एक तास, असा हिशोब ठेवा. सकाळी जा, टॅक्सीनं जा, टॅक्सीनंच परत या, आणि रंगीत घरं संपली की पुढे चालत सुटू नका, तो भाग खरंच सांभाळून राहायचा आहे.

आता काकांचं. काकांना ला बोंबोनेरा, म्हणजे बोका ज्युनियर्स क्लबचं फुटबॉल स्टेडियम बघायचं असणारच, कामिनितोपासून ते अगदी जवळ आहे, तेव्हा दोन्ही एकाच सकाळी उरका. 1940 चं स्टेडियम, स्टँड इतके उभे चढ की वर बसलं तर पायाखाली मैदान आहे असं वाटतं. मॅच नसलेल्या दिवशी म्युझियम आणि स्टेडियम दोन्ही बघता येतं. मॅचचं तिकीट मात्र बाहेरच्या कुणाकडून घेऊ नका, तिकिटं क्लबच्या सभासदांना जातात आणि बाहेर जे विकतात त्यात फसवणूक फार. पण काकांनी 1986 चा वर्ल्डकप जर टीव्हीसमोर रात्र जागून बघितला असेल ना, तर त्यांना ला पातेर्नालला घेऊन जा. मॅराडोना सोळाचासुद्धा झाला नव्हता तेव्हा 1976 मध्ये आर्खेंतिनोस ज्युनियर्सकडून पहिली मॅच खेळला, तो क्लब या वस्तीतला, आणि आता स्टेडियमला नावही त्याचंच आहे. साधी मध्यमवर्गीय वस्ती, बैठी घरं, आणि भिंतीभिंतीवर तो, कुठं कुरळ्या केसांचा पोरगा, कुठं डोक्यामागे देवासारखं तेजोवलय काढलेला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालासुद्धा "दिएगो" एवढं म्हणा आणि छातीवर हात ठेवा, पुढची पंधरा मिनिटं तो बोलेल आणि काकांना स्पॅनिश न येताही सगळं कळेल.

ओबेलिस्क खोडा. 1936 साली बांधलेला 67 मीटरचा पांढरा खांब आहे, नुएवे दे हुलिओ नावाच्या प्रचंड रुंद रस्त्याच्या मधोमध, तो तुम्हाला बसमधून येताजाता दहादा दिसणारच आहे. पुएर्तो मादेरोतला तो बायकांच्या नावाचा पूलही जाता जाता होईल. त्यामागचं राखीव जंगल बघा त्यापेक्षा, कोस्तानेरा सूर, जुन्या इमारती पाडलेला राडारोडा नदीत टाकून जमीन केली आणि त्यावर आपोआप रान उगवलं, आता तिथं साडेतीनशे हेक्टरात बगळे, बदकं, कासवं आहेत. सोमवारी बंद असतं.

रेकोलेताची स्मशानभूमी तुम्ही यादीत ठेवलीत पण पुढे प्रश्नचिन्ह टाकलंत, मला कळलं का ते. आपल्याकडे फिरायला म्हणून कुणी स्मशानात जात नाही. पण तिथं जा. 1822 ची आहे, आत संगमरवरी घरांचं गावच आहे, गल्ल्या, कोपरे, दारं, दारांना कड्या, काही दारांच्या काचा फुटलेल्या आणि आत शवपेट्या दिसतात. राष्ट्राध्यक्ष हुआन पेरोनची बायको एविता पेरोन तिथं आहे. तिचं थडगं शोधताना मोठं काहीतरी असेल असं वाटतं आणि मग एका अरुंद बोळात काळ्या ग्रॅनाइटची साधीशी भिंत सापडते, वर दुआर्ते हे तिच्या माहेरचं नाव, आणि दाराच्या जाळीत खोचलेली फुलं. ती 1952 मध्ये गेली, 33 वर्षांची होती. नंतर लष्करानं नवऱ्याची सत्ता उलथवली आणि तिचं जतन केलेलं प्रेतसुद्धा त्यांना नकोसं झालं, ते पळवून इटलीत मिलानला खोट्या नावानं पुरलं, तिथून ते नवऱ्याकडे माद्रिदला गेलं आणि 1974 साली परत देशात आलं. मेल्यावर वीसेक वर्षं त्या बाईला जमीन मिळाली नाही. हे वाचून जा, नाहीतर ती फक्त एक काळी भिंत वाटेल. परदेशी लोकांना तिकीट आहे, सोबत कार्ड ठेवा.

तेआत्रो कोलोन खोडलंत तर मी रागवेन. 1908 चं ऑपेरा थिएटर आहे, आवाजाच्या बाबतीत जगातल्या उत्तम थिएटरांत त्याचं नाव घेतात. दिवसा गाइडबरोबर इंग्रजी टूर असते ती घ्या. त्यात एक गोष्ट मुद्दाम विचारा, खालच्या मजल्याला जाळीमागचे बॉक्स. नवरा गेलेल्या बायकांनी सुतकाच्या काळात लोकांत दिसायचं नाही अशी पद्धत होती, पण गाणं तर ऐकायचंय, म्हणून त्या वेगळ्या दारानं येऊन त्या काळ्या जाळीमागे बसून ऐकायच्या. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला माझी पणजी आठवली, तीही माजघराच्या दाराआडून कीर्तन ऐकायची म्हणतात. जमलं तर एका संध्याकाळी खरा कार्यक्रमही बघा, सगळ्यात वरच्या गॅलरीला तिथं "स्वर्ग" म्हणतात, तिथली तिकिटं स्वस्त, पण बरीचशी जागा उभ्यानं ऐकायची असते, तुमच्या गुडघ्याला ते झेपणार नाही, थोडे जास्त पैसे घालून खुर्चीच घ्या.

आणि आता जे तुमच्या यादीत नाहीच ते. तुम्ही "प्लासा दे मायो, गुलाबी राष्ट्रपती भवन" एवढंच लिहिलंय. गुलाबी इमारत बाहेरून बघायला पाच मिनिटं लागतात. पण त्या चौकात तुम्ही गुरुवारी जा, दुपारी साडेतीनला. तीन आठवड्यांत तीन गुरुवार येतील, त्यातला एक याला द्या, बाकी काहीही रद्द झालं तरी चालेल.

1976 साली तिथं लष्करानं सत्ता घेतली, 1983 पर्यंत ठेवली. त्या काळात तरुण मुलंमुली, युनियनवाले, विद्यार्थी, कुणी गरोदर बायका, रात्री घरातून उचलून नेल्या आणि त्या परत आल्याच नाहीत, मानवी हक्कवाल्या संघटना 30 हजार म्हणतात. आया पोलीस ठाण्यात जायच्या, चर्चमध्ये जायच्या, कुणी काही सांगेना. मग 30 एप्रिल 1977 ला चौदा आया या चौकात येऊन उभ्या राहिल्या. जमावबंदी होती, पोलिसांनी सांगितलं उभं राहायचं नाही, चालत राहा. तर त्या चालायला लागल्या, दोघीदोघी हातात हात घालून, मधल्या मनोऱ्याभोवती. एकमेकींना ओळखू यावं म्हणून डोक्याला पांढरं फडकं, सुरुवातीला ते मुलाचं जुनं लंगोटाचं कापड होतं. तेव्हापासून दर गुरुवारी चालतात. खाली फरशीवर गोलात त्या पांढऱ्या रुमालांची चित्रं काढलेली आहेत.

मी पहिल्यांदा गेले ती सहज, ऑफिसला सुट्टी होती म्हणून. आता उरलेल्या आया नव्वदीच्या आहेत. एकीला व्हीलचेअरवर आणलं होतं, पायावर शाल, गळ्यात दोरीला अडकवलेला प्लास्टिकमध्ये घातलेला फोटो, विशीतला मुलगा, लांब कल्ले, शर्टाची मोठी कॉलर. फोटोतला रंग निळा पडलेला. चालता चालता माइकवर एकेक नाव घेतात आणि सगळे मिळून म्हणतात "प्रेसेन्ते". म्हणजे हजर. शाळेत हजेरीला म्हणतो तसं. त्या आजींचे ओठ प्रत्येक नावाला हलत होते, दुसऱ्यांच्या मुलांच्या नावालाही. माझ्या शेजारच्या बाईनं काही न विचारता माझ्या हातात हात घातला आणि मीही चालले, दोन फेऱ्या. कुणीही चालू शकतं काकू, तुम्हीही चाला, गोल लहान आहे आणि त्या फार हळू चालतात. फोटो काढायला हरकत नसते पण आधी मानेनं विचारा.

ज्यांना सोसवेल त्यांनी नंतर एस्मालाही जावं, नौदलाची शाळा होती, तिथं माणसं डांबून ठेवायचे, आता म्युझियम आहे आणि 2023 पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. मला दुसऱ्या दिवशीसुद्धा कामात लक्ष लागलं नव्हतं.

सान तेल्मोचा रविवारचा बाजार ठेवा, पण सकाळी दहाला पोचा, बाराला निघा. देफेन्सा रस्त्यावर लांबलचक स्टॉल लागतात त्यातले बरेच तेच ते, माते नावाच्या तिथल्या कडवट हिरव्या चहाचे कप, चामड्याचे पट्टे. थेट प्लासा दोरेगो चौकात जा, जुन्या वस्तू तिथं, निळ्या-हिरव्या काचेच्या सोडा बाटल्या उन्हात ठेवलेल्या असतात ते बघूनच मन भरतं. रस्ता दगडी आहे, तळवा जाड असलेले बूट घाला.

टँगोचं जेवणासकट शो असं लिहिलंय, बसनं नेतात-आणतात, महाग असतं. बघायचाच असेल तर बघा, नाचतात उत्तम. पण मी असते तर ते पैसे वाचवून बेल्ग्रानोच्या बागेतल्या गोल मंडपात गेले असते, ला ग्लोरिएता म्हणतात, संध्याकाळी तिथं साधे लोक येऊन नाचतात, तिकीट नाही, मधे टोपी फिरते तिच्यात काहीतरी टाकायचं. बाकावर बसा आणि पाय बघा. एक सत्तरीचे गृहस्थ मला नेहमी दिसायचे, पिशवीतून नाचायचे बूट काढायचे, रुमालानं पुसायचे, घालायचे, चालायचे बूट त्याच पिशवीत नीट ठेवायचे, मग मान वर करून समोरच्या बाईकडे नुसतं बघायचे. तिनं नजर दिली आणि मान हलवली की उठायचं, नाही दिली तर कुणाचा अपमान नाही, शब्दच बोललेला नसतो ना. तीन-चार गाणी एकाच जोडीदाराबरोबर, मग थोडं वेगळंच संगीत वाजतं, सगळे जागेवर जातात, परत नवीन. तासभर कसा जातो कळत नाही.

तिग्रेला एक अख्खा दिवस द्या, मधल्या वारी. रेतीरो स्टेशनातून लोकल, तासाभरात शेवटचं स्टेशन, तिथून पाराना नदीच्या त्रिभुज प्रदेशात जायला लाकडी प्रवासी बोटी. टूरची मोठी बोट नको, ही लोकांची बोट घ्या, तीच तिथली एसटी आहे. घरं खांबांवर, प्रत्येकाच्या दाराशी धक्का, शाळेतली पोरं धक्क्यावर हात करून बोट थांबवतात, किराणासुद्धा बोटीनं येतो. परतीची शेवटची बोट किती वाजता ते चढतानाच विचारा. डासांचं मलम न्या.

त्याच लोकलच्या वाटेवर सान इसिद्रो लागतं. 1924 च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ पेरूला निघाले होते, वाटेत आजारी पडले आणि इथं व्हिक्तोरिया ओकाम्पो नावाच्या लेखिकेनं त्यांना जवळजवळ दोन महिने ठेवून घेतलं, शुश्रूषा केली. ते ज्या खुर्चीत बसायचे ती तिनं बोटीवर त्यांच्याबरोबरच पाठवली, ती शांतिनिकेतनात अजून आहे. बरेच भारतीय लोक व्हिया ओकाम्पो हे तिचं घर बघून येतात आणि टागोर इथं राहिले म्हणून सांगतात, तसं नाही, ते राहिले जवळच्याच मिरालरिओ नावाच्या घरात. पण व्हिया ओकाम्पो बघण्यासारखं आहे, ठरावीक दिवशीच उघडतं, आधी चौकशी करा.

खाण्याचं. घाबरू नका, उपाशी राहणार नाही. पण "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, कारण त्यांच्या लेखी मांस म्हणजे गाय. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका कॅफेत मांस नको सांगितल्यावर हॅमचं सँडविच समोर आलं, वाढणारी बिचारी मनापासून म्हणाली यात मांस नाहीये. तेव्हा पूर्ण म्हणा, "सिन कार्ने, सिन पोशो, सिन हामोन, सिन पेस्कादो." कोंबडीला पुस्तकात पोयो लिहितात पण त्या शहरात पोशोच म्हणतात. पिझ्झाच्या जुन्या दुकानांत फुगासेता मागा, कांदा आणि चीज, आणि बरोबर फाइना. फाइना म्हणजे काय सांगू, बेसनाची जाड पोळी, भट्टीत भाजलेली, वर मिरपूड. हे लोक ती पिझ्झावर ठेवून खातात. तुम्हाला पहिल्या घासाला घरचं काहीतरी आठवेल. एम्पानादा म्हणजे करंजीच, त्यातली उमिता मागा, मक्याचं सारण असतं. मेदियालुना, तो चंद्रकोरीसारखा ब्रेड, दोन प्रकारचा असतो, "दे ग्रासा" म्हणाले तर चरबीचा, तो घेऊ नका, "दे मान्तेका" म्हणजे लोण्याचा, तो घ्या. दुल्से दे लेचे म्हणजे दूध-साखर पार तपकिरी होईपर्यंत आटवलेलं, काकांना साखर असेल तर बरणी लपवून ठेवा. आणि गल्लोगल्ली दिएतेतिका नावाची छोटी दुकानं असतात, तिथं डाळी, सुटे मसाले आणि बेसन मिळतं, मुलाकडे एक दिवस पिठलं-भात नक्की करा. हॉटेलं रात्री आठच्या आत उघडत नाहीत आणि लोक दहाला जेवतात, तेव्हा पाच वाजता कॅफेत काहीतरी खाऊन घ्या.

मंगळसूत्र घरीच ठेवा, सोन्याच्या बांगड्या पण. काळी पोत घाला हवी तर. रस्त्यात कुणी सोन्याची चेन घालून फिरत नाही, तुम्हीच उठून दिसाल. मोबाइल कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही, बसच्या उघड्या खिडकीपाशी धरायचा नाही. आणि तुमच्या अंगावर अचानक काहीतरी चिकट पडलं आणि कुणी धावत पुसायला आलं, तर पुसू देऊ नका, पर्स छातीशी धरा आणि सरळ दुकानात शिरा. बाकी माणसं फार चांगली आहेत, बसमध्ये चढलात की कुणीतरी उठून जागा देतंच. बसचं कार्ड, सुबे म्हणतात, मुलाला आधीच घेऊन ठेवायला सांगा. ड्रायव्हरला कुठं उतरायचं ते सांगायचं, तो भाडं लावतो, मग कार्ड टेकवायचं. मेट्रोची ए लाइन 1913 ची आहे, एकदा गंमत म्हणून बसा, रोज नको, जिने फार.

नोव्हेंबर निवडलात हे मात्र नशीब. तुमच्या ओळखीचा नीलमोहर, ज्याला जॅकरांडा म्हणतात, तो मूळचा त्याच बाजूचा. कार्लोस ताइस नावाच्या बागकाम करणाऱ्या फ्रेंच माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर झाडंच झाडं लावली, आणि नोव्हेंबरात अख्खे रस्ते जांभळे होतात, वर फुलं आणि खाली फुटपाथवरही सडा. खाली बघून चाला पण, फुटपाथच्या फरशा उखडलेल्या असतात. पालेर्मोच्या बागेत सकाळी थर्मास घेऊन बसा, सगळे आपापले मातेचे थर्मास घेऊन बसलेले असतात, तुमच्या थर्मासात चहा आहे हे कुणाला कळणारही नाही.

साडी. नक्की न्या, तीन-चार सुती, इस्त्री कमी लागणाऱ्या. लोक बघतील, बायका तर थांबवून पदराला हात लावून विचारतील कुठली, त्यात वाईट काही नसतं, मोकळी माणसं आहेत. ला बोकाला आणि सान तेल्मोच्या दगडांवर ड्रेस घाला. कोलोनला मात्र साडीच नेसा, जी सगळ्यात आवडती असेल ती.